बाटली कुठे ठेवायचे, ते विचारून ये

अमळनेर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेखाची आठ पानं मिळाली, दोनदा वाचली. ‘ब्रांडी की बोतल’ या जुन्या हिंदी सिनेमासारखा विषय तुझ्या वयाच्या कुणाला सुचावा, याचाच मला मोठा आनंद झाला. मराठीतली ‘ब्रँडीची बाटली’ जुन्या माणसांना निदान नावाने तरी आठवते. तिची हिंदी जुळी बहीण कुणाच्या ध्यानीमनीही नाही. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, ‘कथानक बालिश आहे, एका बाटलीसाठी एवढी धावपळ कशाला?’ तिथे मी अडलो. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

सिनेमा १९३९चा. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. बगाराम हा नगरपालिकेतला भित्रा कारकून, ते काम विनोदी नट दामुअण्णा मालवणकरांचं. त्याचा जीव मालतीवर. तिच्या भावाला औषध म्हणून ब्रँडी हवी, आणि या सरळ माणसाला ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. तो शोधायला निघतो. एवढंच कथानक तू मांडलंस आणि त्यातली भीती तेवढी वगळलीस. मग ते पोकळ वाटणारच.

ती भीती कुठून आली, ते आधी बघ. आपल्याच फैजपूरला डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. खान्देश त्याच प्रांतात. दारूबंदी हा त्या सरकारच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १ ऑगस्ट १९३९पासून मुंबई शहरात ती लागू झाली. सिनेमा त्याच वर्षाचा. म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसाला तो कायदा रोजच्या वर्तमानपत्रातून माहीत होता. पडद्यावर नुसतं ‘ब्रँडी’ म्हटलं तरी त्याचे कान टवकारत असणार. आज तो शब्द तुझ्या कानावरून तसाच निघून जातो.

आता माझ्या घरातलं सांगतो. मी सहा-सात वर्षांचा असेन. तोवर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आलेला होता. पौषाच्या थंडीत आजीची छाती भरली आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडी लिहून दिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी, पंढरीची वारी करणारे, गळ्यात तुळशीची माळ. औषधांच्या दुकानाची पायरी चढण्याआधी त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि माळ आत सारली. मी त्यांचं बोट धरून होतो, म्हणून ते मला दिसलं. चिठ्ठी खरी, आजार खरा, तरी त्यांच्या तळव्याला घाम होता. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली, वर मेथीची जुडी. घरी आजीने तोंड फिरवलं, ‘माले दारू नको पाजू रे.’ शेवटी चमचाभर कोमट पाण्यात साखर घालून दिली तेव्हा घेतली. उरलेली बाटली पुढे कित्येक वर्षं तुरीच्या डाळीच्या डब्यामागे उभी होती.

बगारामाची गोष्ट मला कळली ती त्या बटणामुळे.

अत्रे तर आपल्याला घरचे. बहिणाबाईंच्या गाण्यांना १९५२ साली प्रस्तावना लिहिली ती त्यांनी. ज्या साने गुरुजींनी या अमळनेरात शिकवलं, त्यांच्या ‘श्यामची आई’चा सिनेमा केला तो त्यांनीच, आणि १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. पुण्याच्या नगरपालिकेतही ते निवडून गेले होते, तेव्हा कारकुनाचं टेबल त्यांनी जवळून पाहिलं असणार. साध्या माणसाच्या साधेपणावर त्यांचा फार जीव होता, असं मला वाटतं. म्हणून बगारामाचं अज्ञान मला कधी बावळटपणा वाटलं नाही. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस प्रेमापोटी दारू शोधत हिंडतो, यात हसू आहेच, पण पोटात कालवतंही. सिनेमा कायद्याला चिमटा काढतो की दारूला, हे ठरवायची घाई तू पहिल्याच पानावर केलीस. ते पान काढून टाक.

आणखी एक. हिंदी आवृत्तीला तू ‘अनुवाद’ म्हणतोस, तो शब्द बदल. बोलपट आल्यावर आपल्याकडच्या कंपन्या एकच कथा दोन्ही भाषांत करायच्या. प्रभात फिल्म कंपनीने १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ असाच केला. मराठी मुलूख लहान, हिंदीचा बाजार मोठा, हे सरळ गणित. पण मराठीत विचार करणारी माणसं हिंदीत विनोद करतात तेव्हा जीभ कुठे अडते, कुठे मोकळी सुटते, हे ऐकायला तुझ्याइतका तयार कान कुणाचा? घरी अहिराणी, शाळेत मराठी, भुसावळच्या फलाटावर हिंदी, असाच तू वाढलास. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला रीतसर पत्र लिही आणि यातलं काय बघायला मिळेल ते विचार. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी; किती सिनेमे असे कायमचे गेले. जे मिळेल ते जपून बघ, आधी आवाज बंद करून, नुसते दामुअण्णांचे डोळे. एक डोळा तिरळा, त्यामुळे ते समोरच्याकडे बघताहेत की त्याच्या मागे उभ्या संकटाकडे, ते कळतच नाही.

पण पुण्याला लिहिण्याआधी एक काम कर. तुझी पणजी अजून बोलतीचालती आहे, आणि तुझ्या आठ पानांत ती कुठेच नाही. संध्याकाळी तिच्या खाटेपाशी बस. त्यांच्या घरी औषधाची बाटली होती का, आणि होती तर कुठे ठेवायचे, ते विचार. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घे आणि रविवारी घेऊन ये. मी घरीच आहे.

तुझा,
सर