गाव आणि पोलीस ठाणे यांच्यात विश्वास कशाने वाढतो?

पोलीस ठाण्याने घेतलेले मेळावे, मॅरेथॉन आणि रक्तदान शिबिरे यांमुळे लोकांचा पोलिसांवरील विश्वास खरोखर वाढतो का, आणि वाढत नसेल तर तो कशाने वाढतो, असे आपण विचारले आहे. पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात मी दहा वर्षे पोलीस पाटील होतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खाली नेमला जाणारा हा माणूस धड पोलीसही नसतो आणि निव्वळ गावकरीही राहत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंची कुरकुर माझ्याच ओट्यावर येऊन बसत असे.

मेळाव्यांना माझा विरोध नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस वर्धापन दिनाच्या निमित्ताने शाळेतील मुले ठाण्यात जातात, शस्त्रे पाहतात, आणि त्यांची भीती थोडी कमी होते. मोठ्या माणसाची भीती मात्र वेगळी असते. त्याला हवालदाराची भीती नसते, हेलपाट्यांची असते.

आमच्याकडे नदीकाठच्या मोटारींची केबल वारंवार चोरीला जात असे. चोर आतील तांब्यासाठी ती कापून नेत, आणि ऐन पाण्याच्या पाळीला शेतकऱ्याचे हजारो रुपये जात. तरीही फिर्याद द्यायला कोणी तयार नसे. ठाण्याने याच विषयावर ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली. मंडप, शाल, नारळ, सत्कार असे सगळे झाले आणि शेवटी ‘काही अडचणी असतील तर सांगा’ असे आवाहनही झाले. परंतु सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन व्यासपीठावर बसलेले असताना कोण काय सांगणार? सभा संपली, लोक चहा पिऊन घरी गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी नवे बीट अंमलदार, म्हणजे आमच्या भागातील गावे सांभाळणारे पोलीस, आले. ते संध्याकाळी दूध घालण्याच्या वेळी डेअरीवर येऊन बसू लागले. कोणाची केबल कोणत्या रात्री गेली, किती फूट गेली, हे त्यांनी वहीत लिहून घेतले. इथपर्यंत विशेष काही नाही, लिहून घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पण पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले आणि प्रत्येक नोंदीचे पुढे काय झाले ते त्यांनी सर्वांसमक्ष वाचून दाखवले. सातपैकी दोन ठिकाणचा माल एका भंगाराच्या गाड्यावर मिळाला होता, बाकी पाच ठिकाणी काहीच हाती लागले नव्हते, आणि तेही त्यांनी सरळ सांगितले. माझ्या मते गाव बदलले ते या ‘काहीच मिळाले नाही’ या वाक्याने, कारण तोवर तक्रारीचे पुढे काय झाले हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. त्या महिन्यात तीन शेतकरी स्वतःहून फिर्याद द्यायला गेले.

आता हे कोणाच्या मर्जीवर राहिलेले नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपास कुठवर आला आहे हे फिर्याद देणाऱ्याला 90 दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क तर आधीच्या कायद्यातही होता, फक्त तो मागायचा असतो हे पुष्कळांना ठाऊक नसे. सभा घ्यायचीच असेल तर तिथे हे सांगावे.

शेजारच्या तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची भांडणे गावातच मिटली, कित्येकांचे कोर्टाचे खेटे वाचले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि बक्षिसाचा आकडा समोर आला की ‘या वर्षी तक्रार नको’ असा दाबही काही ठिकाणी येतो, आणि तो बहुधा मार खाणाऱ्या बाईवर येतो. तिच्यासाठी चावडीवरची बैठक कामाची नाही. महिला अंमलदाराने घरी किंवा बचत गटात जाऊन एकटीशी बोलणे कामाचे आहे.

शहरात प्रश्न निराळा असतो. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल उसळली. सणाच्या तोंडावर बोलावलेली शांतता समिती अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात बहुतेक पुढारी असतात आणि एरवी वर्षभर ती भेटतच नाही. याउलट भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित एकत्र बसत, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उपक्रमाने झाकली जात नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याप्रकरणी पोलिसांनाच अटक झाली. त्या काळात आमच्या डेअरीवर एकच प्रश्न होता: पोलीस खाते स्वतःच्या माणसावर तीच कलमे लावते का? अशा वेळी सभा पुढे ढकलावी आणि तपास होऊ द्यावा.

आमच्या त्या अंमलदारांची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी वही नव्या हवालदारांना दिली आणि मी त्यांना सोबत घेऊन डेअरीवर गेलो. तरी पहिले दोन-तीन महिने त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडले नाही.