शिक्षा भोगून आलो, मग आता भरपाईचा दावा कशासाठी?

“दारूच्या नशेत मारामारी केली. कोर्टात गुन्हा कबूल केला, सहा महिने आत राहून आलो, दंड भरला. आता ज्याला मारलं त्याने नऊ लाखांचा दावा लावलाय. एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा?”

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतच राहतो. इथे सांगतेय तो अनुभव कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वरातीत नाचताना धक्का लागल्याचं निमित्त झालं आणि त्यांनी गल्लीतल्याच एका टेम्पोचालकाला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. त्याचं मनगट मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली, पण हात पहिल्यासारखा वळेना, आणि टेम्पो चालवणं सुटलं.

दाव्याबद्दल विचारायला ते आले नव्हते. त्यांच्या पत्नीने त्यांना आणलं. “आठ महिने थेंब घेतला नाही. पण आता जेवत नाहीत, झोपत नाहीत, विचारलं तर अंगावर येतात.” बऱ्याच वेळाने कळलं की कोर्टाच्या बेलिफाने दिलेलं दाव्याचं समन्स तीन आठवडे गादीखाली पडून होतं. पत्नीलाही ते माझ्यासमोरच समजलं.

मी वकील नाही. पण अशा वेळी चार गोष्टी कुणीतरी तिथल्या तिथे सांगाव्या लागतात, नाहीतर माणूस रात्रभर मनातच खटला चालवत बसतो. राज्यघटनेचं कलम 20(2) एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला आणि शिक्षा होऊ देत नाही, हे खरं. पण भरपाईचा दावा ही शिक्षा नाही. फौजदारी खटला होता सरकार विरुद्ध ते. हात मोडलेला माणूस त्यात फक्त साक्षीदार. त्याची औषधं, बुडालेली कमाई, पुढे न मिळणारी भाडी यांचा हिशेब तिथे झालाच नव्हता. तो मांडायची त्याची जागा दिवाणी कोर्ट. असा दावा सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि त्याने मुदत संपता संपता लावला होता.

“पण मॅडम, त्या रात्री मी नव्हतोच. दारू होती.” हे वाक्य मी फार ऐकते. स्वतःहून प्यालेल्या दारूची ढाल कायदा देत नाही. जुन्या दंडसंहितेत कलम 85 आणि 86 होती, नव्या न्याय संहितेत तेच 23 आणि 24 मध्ये आहे. माझी हरकत मात्र वेगळी आहे. जो माणूस मारताना ‘नव्हता’, तो दारू सोडायलाही नसतो.

पहिलं काम होतं समन्स बाहेर काढायचं. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायला 30 दिवस असतात, कोर्टाच्या परवानगीने 90 पर्यंत. गैरहजर राहिलं तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे एकाच बाजूचं ऐकून निकाल, होऊ शकतो, मग वादी, म्हणजे दावा लावणारा, मागेल तो आकडा खोडायला समोर कुणीच नसतं. समन्स नाकारलं तरी ते बजावलं असंच धरलं जातं. दुसऱ्या दिवशी दोघं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्याने मोफत वकील मिळाला.

खरी गाठ पुढे होती. “भांडायचं नाही. माझीच चूक आहे, जे म्हणतील ते देतो,” असं एका दिवशी. दुसऱ्या दिवशी, “एक रुपया देणार नाही, पुन्हा आत टाका.” दोन्ही बोलणी एकाच शरमेची, आणि दोन्हींच्या शेवटाला बाटली असते हे मला अनुभवाने माहीत आहे. रकमेवर हरकत घेणं म्हणजे कृत्य नाकारणं नव्हे, हे गळी उतरवायला वेळ लागला. त्यांनी कबुली दिलेली होती आणि ती दिवाणी दाव्यातही त्यांच्याविरुद्ध येणार होती. ‘मी मारलंच नाही’ ही वाटच नव्हती. पण बिलं खरी किती, महिन्याची कमाई किती होती, हात कायमचा किती अधू झाला, हे वादीला सिद्ध करावं लागतं. शिवाय फौजदारी कोर्टाने दंडातून 20,000 रुपये जखमीला द्यायला लावले होते. ते दिवाणी कोर्टाने लक्षात घ्यायचे असतात.

मेव्हण्यांचा सल्ला होता, फ्लॅट बायकोच्या नावावर करून मोकळं व्हा. घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलेली अशी बदली मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द होऊ शकते, आणि कोर्टासमोर माणूस लबाड ठरतो तो वेगळाच. त्या संसारात लपवाछपवी आधीच पुष्कळ झाली होती. पत्नीला भीती होती दागिन्यांची. तिचं स्त्रीधन तिचंच, नवऱ्याच्या हुकूमनाम्यात ते जात नाही. पगार जप्त झाला तरी पहिले 1000 रुपये आणि उरलेल्यातला दोनतृतीयांश भाग हाती राहतो. पीएफला हात लागत नाही. आणि ऐपतच नाही म्हणून पैसे थकले, तर तेवढ्यावरून कुणाला दिवाणी तुरुंगात घालत नाहीत. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

माफीचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटात, जात होते. तिथली नववी पायरी झालेलं नुकसान भरून काढायला सांगते, त्यातून कुणाला आणखी इजा होणार नसेल तर. ते म्हणाले, आजच जाऊन पाय धरतो. वकील म्हणाले, परस्पर एक शब्द बोलायचा नाही. मी वकिलांच्या बाजूची होते, पण कारण माझं होतं. ज्याने तुडवलं तोच संध्याकाळी दारात उभा राहिला, तर त्या घरातल्या पोरांना काय वाटेल? आपलं ओझं उतरवायला दुसऱ्याचं दार ठोठावायचं नसतं.

वकिलांनी मध्यस्थीसाठी अर्ज केला. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, खटल्यात पुरावा म्हणून येत नाही. तिथे त्यांनी माफी मागितली. टेम्पोचालक म्हणाला, “हप्ते घेईन. माफी नको.” तडजोड साडेचार लाखांवर झाली, काही रक्कम आधी, बाकी मासिक हप्त्याने, आणि ती लोकअदालतीत नोंदवली. त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर वसुली.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. पैसे ठरले याचं काहीच नव्हतं, माफी घेतली नाही याचाच राग. मी एवढंच म्हटलं की मागणं तुमच्या हातात होतं, देणं त्याच्या, आणि मीटिंगला जा. गेले.

हप्ता पगाराच्या दिवशीच बँकेतून परस्पर जातो. ही सोय त्यांच्या पत्नीने सुचवली. पूर्वी सगळ्यात जास्त पिणं त्याच दिवशी व्हायचं.