दुसऱ्या बाळाला अंगावर पाजावे का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. थोरल्याला डब्याचे दूध देताना झालेली ओढाताण, त्याचे सतत घट्ट होणारे पोट, रात्री-अपरात्री उकळत ठेवलेल्या बाटल्या आणि दर महिन्याचा खर्च हे सारे आठवून तू विचारतेस की, या खेपेस अंगावर पाजण्याचा प्रयत्न करावा की पुन्हा डब्याचीच तयारी ठेवावी. त्याच पत्रात ‘मला दूधच नव्हते’ असे एक वाक्य तू सहज लिहून गेली आहेस. तुझा सगळा निर्णय त्या वाक्यावर उभा आहे आणि ते वाक्य अजून कोणी तपासलेले नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तू लिहिलेस त्याप्रमाणे सिझेरियन झाले, बाळ दुसऱ्या दिवशी तुझ्या कुशीत आले, तोवर त्याला बाटलीने पाजून झाले होते, आणि छाती हलकी वाटते म्हणून घरच्यांनी डबा आणला. सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर होणे नेहमीचेच आहे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, आणि तो चमच्याने मोजावा इतकाच असतो; पण जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी 5 ते 7 मिलिलिटरच पुरतात, त्यामुळे तो थोडा असणे हेच योग्य असते. पुढे बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरचे दूध पिऊन बाळ तासन् तास झोपले की ओढणे कमी होते, स्तन रिकामे होत नाहीत, शरीर दूध कमी करत जाते, आणि आठवडाभरात ते खरोखरच अपुरे पडू लागते. तुझ्या बाबतीत असेच झाले असावे असे मला वाटते. तसे असेल तर या खेपेची आशा बरीच चांगली आहे, कारण दुसऱ्या बाळंतपणात दूध बहुधा लवकर उतरते आणि अधिकही येते.

पण वाटणे आणि खात्री असणे यांत अंतर आहे. थायरॉइडचा त्रास, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, स्तनांवरची जुनी शस्त्रक्रिया, किंवा गरोदरपणात स्तनांत मुळीच बदल न जाणवणे, यांपैकी काही असेल तर कितीही चिकाटी धरली तरी दूध कमी पडू शकते. आणि बाळाची जीभ खालच्या पडद्याने आखडलेली असेल तर दूध असूनही त्याला ते ओढता येत नाही. म्हणून थोरल्याच्या वेळची फाइल घेऊन आताच, सातव्या महिन्यातच, डॉक्टरांना भेट. त्याच्या शीत कधी रक्त किंवा चिकट आव दिसली होती का, हेही आठवून सांग. कारण ती गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर क्वचित ती अंगावरच्या दुधातूनही बाधते आणि अशा वेळी आईलाच काही काळ दूधदुभते सोडावे लागते.

प्रयत्न करायचा ठरवलास, तर पहिले दोन आठवडे त्यासाठी राखून ठेव. या वेळी बाळंतपण सासरी आहे, म्हणजे खोलीत कोण असेल, थोरल्याला कोण सांभाळेल आणि बाळ रडले की डब्याकडे कोणाचा हात जाईल, हे सासूबाईंशी आणि जावईबापूंशी आधीच बोलून ठेव. पुन्हा सिझेरियन झाले, तरी तू शुद्धीवर असशील आणि बाळ ठीक असेल, तर पहिल्या तासाभरात त्याला छातीशी द्या असे डॉक्टरांना आधीच सांगता येते. बाळाने केवळ बोंडशी नव्हे, तर तिच्याभोवतीचा काळा भाग तोंडात घ्यायला हवा; पाजताना सतत दुखत असेल, भेगा पडत असतील, तर पकड चुकते आहे असे समजून लगेच एखाद्या जाणत्या परिचारिकेला बसवून दाखव. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजावे लागते, आणि रात्रीचे पाजणे टाळू नये. अळीव, डिंक, मेथी आनंदाने खा, बाळंतिणीला त्यांचे बळ मिळते; पण ओढणाऱ्या बाळाशिवाय कोणत्याही लाडवाने दूध वाढत नाही.

पुरते की नाही हे छातीच्या जडपणावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ठरवू नकोस. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा शू करते का, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनावर परत येते का, हे पाहा. सुरुवातीला वजन थोडे उतरतेच. ते दहा टक्क्यांहून अधिक उतरले, किंवा बाळ मलूल होऊन पाजायलाही उठेनासे झाले, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी वरचे दूध हे औषधासारखे आहे आणि ते देण्यात कमीपणा नाही. ते वाटी-चमच्याने द्या आणि बरोबरीने पाजणे किंवा दूध पिळून काढणे चालू ठेवा, म्हणजे वाट बंद होत नाही. थोडे अंगावरचे आणि थोडे वरचे असे महिनोन् महिने चाललेली बाळे मी पाहिली आहेत. त्या आयांना कोणी अर्धवट म्हणू नये.

डबा वापरायचाच झाला, तर नीट वापर. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी 70 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात कालवावे, मग कोमट करून पाजावे, आणि उरलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नये. डबा पुरावा म्हणून पावडर कमी घालणे बाळाला उपाशी ठेवण्यासारखे आहे. रुग्णालयात कोणी डबा फुकट देऊ केला तर घेऊ नकोस. 1992 च्या कायद्याने असे वाटप बंद केलेले आहे.

नोकरीची चिंता तू शेवटी लिहिलीस. दुसऱ्या बाळासाठीही 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. रजेचा अर्ज देतानाच ही मागणी लेखी कर. फाइल सापडली की डॉक्टरांच्या भेटीची तारीख मला कळव. जावईबापूंनाही त्या भेटीला बरोबर ने, कारण रात्री दोन वाजता बाळ रडेल तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते हे त्यांनाही ठाऊक असायला हवे.

तुझी,
मावशी