वीस पाणगोगलगायींपैकी सोळा माद्या? थांब जरा

पुण्यातल्या पाषाण तलावावरच्या एका फेरीतून ‘माद्याच जास्त’ असा निष्कर्ष नको, पण सुरुवात झकास केलीस. आधी जात बघ. मेलानॉइडिस बहुतेक नराविनाच पिल्लं देते, रॅम्सहॉर्न उभयलिंगी. तिथे नर-मादी मोजणं फुकट. बेलामियात मात्र नराचं उजवं शिंग आखूड, जाड, वळलेलं असतं. गोगलगाय वाटीभर पाण्यात ठेव आणि शिंगं बाहेर येईपर्यंत गप्प बस. मी सुरुवातीला शंख ठोकायचो, मग ती तासभर दार लावून बसायची!

नवखे इथे चुकतात:
- मोठ्या, ठसठशीत तेवढ्याच उचलतात. बेलामियाच्या माद्याच मोठ्या, म्हणजे आकडा आपणच झुकवला.
- पिल्लं मोजतात. शिंग ओळखू येत नाही, सगळी मादीच्या रकान्यात.

तीन-चार जागी चौकट टाकून आतल्या सगळ्या उचल. शंभरेक झाल्या की सांग. हातमोजे घालच.