‘ट. हं. निराळे’ : ही हमाली नव्हे, हशील

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांना माळ्यावरच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांच्या वेळचं एक पुस्तकांचं सूचीपत्र सापडलं, पिवळं पडलेलं, कडा उंदरानं खाल्लेल्या, आणि त्यात दर पुस्तकापुढं छापलंय ‘किं. १२ आणे, ट. हं. निराळे’. किं. म्हणजे किंमत, ट. म्हणजे टपाल इथवर सगळ्यांचं एकमत झालं, पण ‘हं.’ला गाडी अडली. मुलगा म्हणतो हंगामी, दीर म्हणतात हमाली आणि ताई म्हणतात काहीतरी हंसाबिंसाचं असेल काय.

ते आहे हंशील. टपालहंशील, म्हणजे पोस्टानं पाठवायचा खर्च, आणि तो किमतीत धरलेला नाही, वेगळा द्यावा लागेल. उत्तर एवढंच. पण दिरांची ‘हमाली’ मला फार आवडली, कारण ते चुकलेत पण अगदी बघण्यासारखं चुकलेत.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वीसेक वर्षं दिवाणजी होतो, त्यामुळं हमाली हा शब्द माझ्या बोटांत बसलाय. सौद्यानंतर कागद करायला बसलं की पट्टीत आणि बिलात मिळून हमाली, तोलाई, अडत, सेस असे चार आकडे तर येणारच. यातली हमाली कुणाची, तर ज्यानं पोतं पाठीवर घेतलं त्याची. तोलाई ज्यानं काटा केला त्याची. सेस म्हणजे मार्केट कमिटीचा कर, त्याचं मात्र तसं नाही, कमिटीचा माणूस तुमच्या पोत्याला बोटसुद्धा लावत नाही, पण यार्डात व्यवहार झाला म्हंजे सेस आलाच. आता दिरांचं लॉजिक बघा: पत्र नेण्याचे पैसे, म्हणजे नेणाऱ्याची मजुरी, म्हणजे हमाली. चांगलं आहे की. पण आपल्या जुन्या लोकांनी टपालाच्या पैशाला मजुरीचा शब्द लावलाच नाही, सेसच्या जातीतला लावला.

हशील, हाशील, हंशील, हांशील ही सगळी एकाच शब्दाची रूपं. मूळ अरबी ‘हासिल’, आपल्याकडं फारसीतून आला. ‘स’चा ‘श’ कसा झाला म्हणून कुणी विचारेल, तर मराठीला ‘सि’ म्हणायला जड जातं, ती ‘शि’ करून टाकते: सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, नसीबचं नशीब, वसील्याचा वशिला, तसंच हे. डोक्यावरचा अनुस्वार मात्र कुठं असतो, कुठं नसतो, त्यावरून भांडू नये. हासिल म्हणजे हाती आलेलं, जमा झालेलं, उत्पन्न. याच खानदानातला महसूल, आणि याच खानदानातली तहसील म्हणजे गोळा करणं, म्हणून तहसीलदार. (वसूल हा मात्र यांचा भाऊ नाही हां, तो वेगळ्या धातूचा, नुसता कानाला सारखा लागतो. यात मी स्वतः बरीच वर्षं फसलेलो आहे आणि चारचौघांत सांगूनही बसलेलो आहे.) हिंदीवाले बेरजेत ‘हासिल आया एक’ म्हणतात, तिथं आपण ‘हातचा एक’ म्हणतो. आणि आपण रोज म्हणतो ना, ‘त्याच्याशी बोलून काय हशील?’, म्हणजे हाती काय लागणार, ते हशील आणि टपालाचं हंशील एकच. एकाला मिळतं तो फायदा, तेच दुसऱ्याकडनं घेतलं जातं तो कर, शब्द तोच, फक्त तुम्ही काउंटरच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते बघायचं. उर्दूत तर टपालखर्चाला आजही ‘महसूल-ए-डाक’ म्हणतात, म्हणजे तिकडंही मजुरी नाही, महसूलच.

आता टपालाला महसुलाच्या खानदानातला शब्द का चिकटला असेल, त्यावर माझं मत सांगतो. पेशवाईत पत्रं न्यायला जासूद असत, काशीद असत, घाईचं असलं तर सांडणीस्वार. ज्याला पत्र पाठवायचं असेल तो जासदाची जोडी धाडायचा आणि त्या माणसांना अजुरा द्यायचा. अजुरा म्हणजे सरळ मजुरी. म्हणजे दिरांचा हमालीचा हिशोब पेशवाईत धरला असता तर बरोबरच होता. मग कंपनी सरकारनं १८३७ साली टपालाचा कायदा केला आणि त्यात सांगून टाकलं की कंपनीच्या मुलखात पैसे घेऊन पत्रं पोचवायचा हक्क फक्त सरकारचा. इथं गोष्ट बदलली. पत्र कोण उचलतं याला महत्त्व राहिलं नाही, कुणी का उचलेना, पैसे घ्यायचे ते सरकारनं. दरही कसा होता बघा, अंतरावर: कलकत्त्याहून मुंबईला तोळ्याला एक रुपया, कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. तोळाभर कागदाला त्या काळचा रुपया म्हंजे साधा माणूस पत्र लिहायच्या आधी दहादा विचार करणार.

(त्या वेळी सातारा कंपनीच्या मुलखात नव्हता, छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर होते. पण पत्राच्या बाबतीत साताऱ्यावर त्याहून कडक बंधन होतं, १८१९ च्या तहात महाराजांनी बाहेरच्या कुणाशीही इंग्रजांना वगळून परस्पर व्यवहार करायचा नाही असं लिहून घेतलेलं. १८३९ ला त्यांना पदच्युत केलं तेव्हाच्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप होते. आपण इथं दोन आण्यांचा काथ्याकूट करतोय, साताऱ्यानं गादी मोजली.)

१८५४ च्या कायद्यानं मग अंतर काढून टाकलं आणि वजन ठेवलं. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, मग सातारा ते सांगली जावा नाहीतर सातारा ते कलकत्ता. पाव तोळा म्हणजे आजच्या हिशोबानं जेमतेम तीन ग्रॅम, म्हणून तर जुनी पत्रं असल्या पातळ कागदावर आणि समासात, आडवं-उभं, जागा मिळेल तिथं लिहिलेली असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सगळीकडं चिकटवायची तिकिटं आली. त्याच्या दोन वर्षं आधी सिंधमध्ये तिकीट निघालेलं, आशियातलं पहिलं, ते काढणारा इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर, आणि हा गृहस्थ त्याच्या आधी कुठं होता, तर साताऱ्यात, रेसिडेंट म्हणून, संस्थान खालसा झालं तेव्हा कमिशनर झालेला. ताईंना हे सांगायचंच होतं म्हणून मध्ये घुसडलंय, शब्दाशी याचा काही संबंध नाही.

तिकीट लावलं नाही तर पत्र जायचं, पण घेणाऱ्याकडनं दुप्पट घ्यायचे. त्याला इंग्रजीत बेअरिंग म्हणत, हिंदीत त्याचं ‘बैरंग’ झालं आणि ‘बैरंग लौटना’ म्हणजे हात हलवत परत येणं असा वाक्प्रचारही झाला, पत्राला रंग नाही म्हणून बैरंग असं लोक समजतात ते खोटं. आपल्याकडं त्याला ‘नॉटपेड’ म्हणायचे. माझी आजी पोस्टमनला लांबूनच विचारायची, ‘नाटपेड हाय काय रं?’ आणि असलं तर पाकीट उलटसुलट करून अक्षर बघायची, माहेरचं असलं तरच पैसे काढायची. हमालाला आपण पोतं टाकल्यावर पैसे देतो, कमी पडले तर घासाघीस करतो. सरकारला तसं चालत नाही, चुकवलं तर दंडासकट. हशीलच ते!

१८९८ चा कायदा तर परवापरवापर्यंत चालू होता. त्यात चौथं कलम मोठं गमतीचं, पत्रं न्यायचा हक्क एकट्या सरकारचा, पण काही सवलती दिलेल्या: त्या वाटेनं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं पत्र दिलं आणि त्यानं त्याचे पैसे घेतले नाहीत तर चालेल, किंवा आपल्या कामासाठी आपला खास माणूस पाठवला तर चालेल, किंवा मालाबरोबर त्या मालाचीच चिठ्ठी गेली तर चालेल, तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत तर. बाकी दर पत्रामागं पन्नास रुपयांपर्यंत दंड. आता आमच्या दुकानातनं रोज संध्याकाळी एसटीच्या ड्रायव्हरकडं कऱ्हाडच्या पार्टीचं पाकीट जायचं, आणि शेठ सांगायचे, ‘त्याला चहाला पाच रुपये दे.’ म्हणजे ड्रायव्हर ओळखीचा, वाटेनं जाणारा, इथवर कायदा आमच्या बाजूनं, पण त्या चहानं सगळा घोटाळा केला. चहा म्हणजे अजुरा झाला ना! पेशवाईतला जासूदच तो, फक्त लाल गाडीतला. २०२३ च्या नव्या कायद्यानं तो एकट्याचा हक्क काढला, २०२४ च्या जूनपासून तो लागू आहे, तेव्हा आता ड्रायव्हरला खुशाल चहा पाजा. एसटी महामंडळाचं काय म्हणणं असेल ते मला विचारू नका.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. जुन्या लिहिण्यात ‘रेल्वे हंशील’सुद्धा सापडतं, मालाच्या भाड्याला. आणि जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ती तर कंपनीची रेल्वे होती, सरकारची नव्हे. मग माझा सेसवाला सिद्धांत लंगडा पडतो काय? थोडा पडतो. एवढंच म्हणेन की ज्याच्याशी घासाघीस होत नाही, ज्याचा दर पाटीवर छापलेला आहे आणि दुसरीकडं जायची सोय नाही, त्याला लोकांनी हशील म्हटलं, मग तो साहेब सरकारी असो की कंपनीचा, आपल्या बाजूनं सारखाच.

फोनला मात्र हशील कधी लागल्याचं माझ्या कानावर नाही. सरकारची पकड तिथंही पहिल्यापासनं होती. १८८० मध्ये इंग्लंडच्या कंपन्या परवानगी मागायला आल्या तर सरकार म्हणालं हे काम आमचं आम्ही करू, मग वर्षभरात मत बदललं आणि लायसन दिलं, १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता, मद्रासला एक्स्चेंज सुरू झाली. १८८५ चा तारेचा कायदा आला त्याच्यात टेलिफोन पण ‘तारे’तच धरला, आणि तो हक्क सरकारचा. त्या तीन शहरांतला कारभार सरकारनं प्रत्यक्ष हातात घेतला तो १९४३ ला. म्हणजे मक्तेदारी टपालासारखीच, पण शब्द वेगळे: फोनचं भाडं, फोनचं बिल, ट्रंक कॉलचे पैसे. आमच्या दुकानात शेठ ट्रंक कॉल लागल्यावर घड्याळ उपडं हातात धरून बसायचे, तीन मिनिटं झाली की पुढचे पैसे चालू म्हणून, निजामाबादचा हळदीचा भाव अर्धा ऐकूनच ठेवून द्यायचे. पण त्याला हशील नाही म्हणाले कधी. मला वाटतं फोन आपल्याकडं घरोघरी, दुकानोदुकानी पोचेपर्यंत हशीलचा करवाला अर्थच विरत चालला होता, ‘काय हशील’ तेवढं उरलं. टपालाचंही पुढं ‘ट. ख.’ झालं, टपालखर्च, आणि आता ‘कुरिअर चार्जेस एक्स्ट्रा’.

तर ताई, ‘ट. हं. निराळे’ म्हणजे बारा आण्यांवर टपालाचे वेगळे. सूचीपत्राच्या शेवटच्या पानावर ‘व्ही. पी. ने मागविल्यास’ असं काही आहे का तेवढं बघा, म्हणजे पुस्तक हातात देताना पोस्टमन पैसे घेणार, ही सोय १८७७ ची, आणि तिचा खर्च हंशिलाच्याही वर. दिरांना सांगा, हमाली नाही पण विचार बरोबर दिशेनं केलेला.

आणि हे लिहून झाल्यावर मी मुद्दाम आमच्या आजोबांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढून बघितली, म्हटलं ते हंशील सरकार खात्याला टाकतात की काय, माझ्या मताला पुरावा होईल. टपालहंशील त्यांनी ‘किरकोळ’मध्ये टाकलंय, पानसुपारी आणि बैलाच्या नालाच्या मध्ये.