सेंट लुसियातला एकच शुक्रवार: ग्रोज इले की आन्स ला रे?

सोबत सासूबाई आणि दहा वर्षांची लेक, हाताशी एकच शुक्रवार, तर कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर मी तीन वर्षं काढली आहेत. डोळे झाकून आन्स ला रेला जा.

दोन्ही गावांत शुक्रवारी रात्री रस्त्यावर जत्रा भरते. बेटाच्या उत्तरेकडच्या ग्रोज इलेचा शुक्रवार नाचगाण्याचा. तो रंगतो उशिरा, आणि आवाज छातीत घुमतो. आन्स ला रे म्हणजे राजधानी कॅस्ट्रीजच्या दक्षिणेला, मॅरिगोच्या खाडीपुढचं कोळ्यांचं गाव. नावाचा अर्थच पाकट माशांची खाडी! शुक्रवारी संध्याकाळी किनाऱ्यालगतचा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि पिंपं कापून केलेल्या कोळशाच्या शेगड्या पेटतात. रांधणाऱ्या बहुतेक गावातल्याच बायका. पैसा त्यांच्याच घरात जातो, म्हणून मला या गावाचं इतकं अगत्य.

मी ठरलेल्या एका मावशींकडे खायचे. मासा भाज्यांसकट फॉइलमध्ये बांधून निखाऱ्यावर. त्या पुडीचं एक टोक उघडायच्या, काट्यालगतचं मांस बोटाने दाबून बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. कितीही गर्दी असो, कच्चा मासा त्यांनी कुणाला दिला नाही. तुम्हीही असं शिजवणारं माणूस शोधा, झगमगाट बघू नका.

तिथला लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडाचा सख्खा भाऊ, नांग्या नसलेला. उभा चिरून, लसूण-लोणी लावून भाजतात. पण साधारण मार्च ते जुलै त्याच्या विणीसाठी पकडायला बंदी असते. त्या काळात तो मागू नका. कुपा घ्या, नाहीतर 'लांबी', म्हणजे मोठ्या शंखातलं मांस. ते चिवट असतं, नीट शिजलं तरच गोड लागतं. जोडीला 'बेक्स' घ्या. नाव बेक असलं तरी ती तळलेली पोळीच. लेकीला नक्की आवडेल.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणालात. भाजलेला नीरफणस आणि पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप त्यांना चालतील. 'ग्रीन फिग' म्हणजे अंजीर नव्हे, कच्ची केळी. त्या सॅलडमध्ये बऱ्याचदा खारवलेला मासा असतो, तेव्हा आधी विचारा.

रोख पैसे न्या. भाव अमेरिकन डॉलरमध्ये की तिथल्या ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये, हे ताट हातात घेण्याआधीच विचारा. एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईस्ट कॅरिबियन असा दर 1976 पासून बांधलेला आहे, त्यामुळे गफलत महागात पडते. परतीची टॅक्सी जातानाच ठरवा. रस्ता वळणावळणाचा आहे, लेकीला गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेवा. साडेसहापर्यंत पोचलात तर बसायला जागा मिळेल, पण किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या उजेडी बघायच्या तर सूर्यास्ताआधीच पोचा.