वर्षाला दोन उन्हाळे

(२०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे पॅरिस, रोम आणि सेव्हिल फिरून आलो. त्याबद्दल मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या, आणि वाचकांनी प्रश्नांची सरबत्तीच केली. जमतील तेवढी उत्तरं देते.)

मे महिना वेंगुर्ल्यात काढणाऱ्या बाईनं युरोपच्या उन्हाळ्याची तक्रार करावी? जरा अतीच वाटलं. (एक वाचक, कुडाळ)

निघताना मीही हेच म्हणत होते. आंब्याची शेवटची पेटी गेल्याशिवाय आमचे हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, म्हणून जून उजाडला. त्या वर्षी पाऊस लांबलेला. म्हणजे इथला उन्हाळा संपायच्या आत विमानात बसलो आणि उतरलो ते थेट दुसऱ्या उन्हाळ्यात.

पॅरिसमध्ये आमची खोली सर्वात वरच्या मजल्यावर होती. तिथल्या जुन्या इमारतींच्या छपरांना जस्ताचे पत्रे असतात. फोटोत ते निळसर-करडे फार देखणे दिसतात, पण त्यांच्याखाली झोपायचं म्हणजे पापडासारखं भाजून निघायचं. बाहेर पारा ३५च्या वर. ह्यांनी आल्या आल्या छताकडे बघितलं, मग चारी भिंतींकडे, आणि म्हणाले, "गो, हयसर पंखोच नाय!" खरंच नव्हता. ती घरं थंडीसाठी बांधलेली. एकदा आत शिरलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. आपल्याकडे जांभ्याच्या जाड भिंती, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. आपण घामानं निथळतो खरे, पण पडवीत बसून निथळतो.

शेवटी ह्यांनी पंचा ओला करून खिडकीत टांगला. दुसऱ्या दिवशी खालच्या बाईंनी अगदी अदबीनं विचारलं, की हे कुठल्या देशाचं निशाण?

आज हसू येतं, पण तिथला उन्हाळा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २००३ च्या ऑगस्टमधल्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली, त्यांत म्हातारी जास्त. आणि आम्ही परत आल्यावर, २५ जुलै २०१९ ला, पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची नोंद झाली. तोवर इथं आम्ही गळकी कौलं परतत होतो.

तिकडे संध्याकाळचा दिवा, शुभंकरोती वगैरे जमलं का? (एक वाचक, राजापूर)

संध्याकाळ झाली असती तर जमलं असतं! जूनअखेरीस पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, केर काढायचा नाही, हे सासूबाईंचे नियम मी चाळीस वर्षं पाळलेत. तिथं साडेसातला पडदे ओढून घेतले, बॅटरीचा इवलासा दिवा लावला आणि शुभंकरोती म्हटलं. पडद्याच्या फटीतून लख्ख ऊन माझ्या पाठीवर. हे आठ वाजता घोरायला लागले. तिन्हीसांजेचे झोपलात म्हणून ओरडायची सोय नाही, कारण ती व्हायला अजून दोन तास होते.

सीन नदीत पोहता येतं का हो? (एक वाचक, मालवण)

शंभर टक्के मालवणकराचा प्रश्न! ह्यांनीही पहिल्याच दिवशी हाच विचारला होता. तेव्हा बंदी होती, १९२३ पासूनची. २०२५ च्या जुलैत नदीकाठी तीन ठिकाणी लोकांसाठी पोहायची सोय झाली. ही बातमी वाचून हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच घाई करून सहा वर्षं आधी नेलं.

पाण्याच्या बाटल्यांवर फार खर्च होतो असं ऐकते. (एक वाचक, चिपळूण)

रोममध्ये होत नाही. रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळखांब आहेत, त्यांना म्हणतात नाझोनी, म्हणजे मोठ्ठी नाकं. १८७४ पासून ते शहरात आहेत, आज अडीच हजारांच्या आसपास. पाणी गार, चांगलं पिण्याजोगं आणि सतत वाहतं. पहिल्या दिवशी मला ते बघवेना. मे महिन्यात विहिरीचा तळ बघितलेली बाई मी, नळ बंद करायची चावी शोधत खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक आजोबा आले, वाकड्या तोटीच्या तोंडाशी बोट लावलं, आणि वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार थेट त्यांच्या तोंडात! मग आमचाही पंचा दर चौकात भिजू लागला.

तिथल्या स्पॅनिश पायऱ्यांवर आम्ही तासभर बसलो. त्याच ऑगस्टपासून तिथं बसायला बंदी आली. ओला पंचा पसरल्याचा परिणाम, असं ह्यांचं मत.

सर्वात आपलंसं वाटलेलं शहर? (एक वाचक, गुहागर)

सेव्हिल, निःसंशय. गल्ल्यांवर या घरापासून त्या घरापर्यंत मोठाली कापडं ताणलेली. आपण खळ्यात मांडव घालतो ना, तोच, फक्त अख्ख्या रस्त्याला. दुपारी दुकानं बंद. हे बघून आमच्या बाजारपेठेतले दुकानदार उगाच बदनाम आहेत, अशी माझी खात्री पटली. मात्र एक घोळ आहे. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढं धावतं, त्यामुळे खरी काहिली संध्याकाळी पाच-सहाला. रात्री आठला जेवायला गेलो तर खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या. टोमॅटो, काकडी, लसूण वाटून केलेलं गझपाचो नावाचं गार सार प्यायलो. छान होतं. सोलकढी नव्हती.

बरोबर काय न्यावं? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

पंचा. दोन. टोपी आणि सुती कपडे. आमसुलं न्यायचा मोह झालाच तर आधी तिकडचे नियम बघा, पण आगळाची बाटली मात्र काहीही झालं तरी नको. आमची बॅगेत फुटली. विमानतळावर तपासणीला बॅग उघडली तेव्हा वरच ह्यांचा पांढरा शर्ट, लालभडक डागांनी भरलेला. तपासणारा दोन पावलं मागे सरकला. "कोकम, कोकम!" असं हे छातीवर हात ठेवून सांगत होते, त्यानं तो आणखीच घाबरला. डाग काही निघाले नाहीत. कलमांना फवारणी करायला हे अजून तोच शर्ट घालतात.